सहा दिवसांत पाच सामने: सेवानी संघाचा १८९९ चा रेल्वे दौरा

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, कंबरलंड पठाराच्या कडेला, सुमारे १,९०० फूट उंचीवर सेवानी नावाचे लहान गाव आहे. गाव म्हणजे जवळजवळ 'युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ' हे विद्यापीठच. एपिस्कोपल चर्च या ख्रिस्ती पंथाने काढलेल्या या संस्थेत तेव्हा विद्यार्थी होते काही शेच. विसावे शतक उंबरठ्यावर असताना, नोव्हेंबर १८९९ मध्ये, तिथला अमेरिकी फुटबॉलचा संघ रेल्वेने निघाला, सुमारे २,५०० मैल फिरला, सहा दिवसांत पाच विद्यापीठांशी खेळला आणि पाचही सामने जिंकला. पाचही ठिकाणी प्रतिस्पर्ध्याच्या नावावर शून्य.

या दौऱ्याची गोष्ट सांगताना पोरांच्या दमाचे कौतुक होते, आणि ते रास्तच आहे. पण दम सगळ्याच संघांकडे होता. सेवानीकडे शिवाय नीट बसवलेले वेळापत्रक होते, पाण्याची सोय होती, मालीश करणारा माणूस होता, आणि खेळाचे तेव्हाचे नियमही या संघाच्या पथ्यावर पडणारे होते. म्हणून इथे दिवसागणिक हिशेब मांडला आहे.

निघण्याआधी

दौऱ्याचे मूळ पैशात आहे. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी होणारा सामना हा सेवानीच्या कमाईचा मोठा भाग. तिकिटांच्या पैशांच्या वाटणीवरून दोघांचे बिनसले आणि १८९९ चा सामना बारगळला. खड्डा भरून काढायचे काम आले व्यवस्थापक ल्यूक ली याच्याकडे. तो स्वतः विद्यार्थीच होता. पुढे अमेरिकेच्या सिनेटवर गेला. एका लांबच्या सामन्यासाठी संघ टेक्सासला नेला तर भाडेच सगळे खाऊन टाकणार. तोच प्रवास पाच सामन्यांत वाटला तर प्रत्येक गावचा गल्ला भाड्याला हातभार लावतो. ऑस्टिन, ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स, बॅटन रूज, मेम्फिस ही माळ अशी ओवली गेली.

ती अंदाजपंचे ओवलेली नव्हती. २१ ऑक्टोबरला अटलांटात जॉर्जिया विद्यापीठाला १२-० आणि एकच दिवस मध्ये सोडून, २३ तारखेला तिथेच जॉर्जिया टेकला ३२-० असे हरवून झाले होते. म्हणजे लागोपाठच्या सामन्यांत संघ किती टिकतो, याचा अंदाज आधीच आला होता. त्यानंतर घरच्या मैदानावर २८ ऑक्टोबरला टेनेसीवर ४६-० आणि ३ नोव्हेंबरला साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियनवर ५४-०. दौऱ्याआधी चार दिवसांची उसंत.

प्रशिक्षक बिली सूटर हा प्रिन्स्टनचा. कर्णधार हेन्री साइबल्स, मैदानावरचे नाव 'डिडी'. फुलबॅक, म्हणजे चढाईच्या रांगेमागे उभा राहणारा, ऑर्मंड सिम्किन्स हा किक मारण्यात दक्षिणेतल्या उत्तम खेळाडूंपैकी एक. रेक्स किलपॅट्रिक हाफबॅक, 'वॉर्बलर' विल्सन क्वार्टरबॅक, आणि आघाडीच्या रांगेत विल्यम क्लेबोर्न, जो पुढे पाद्री झाला. एकूण २१ खेळाडू. मैदानात अकराच, आणि चढाई-बचाव दोन्ही त्याच अकरांनी करायचा.

मंगळवार, ७ नोव्हेंबर: डोंगर उतरताना

सेवानीहून खाली काउअनला जाणारा रेल्वेफाटा मुळात पठारावरचा कोळसा उतरवण्यासाठी टाकलेला. चढ इतका की लोक या गाडीला 'डोंगरी बोकड' म्हणत. काउअनला मुख्य लोहमार्ग मिळे आणि खरा प्रवास तिथून सुरू होई.

सामानात सगळ्यात बोलकी वस्तू म्हणजे सेवानीच्या झऱ्याच्या पाण्याची दोन पिंपे. यात लहर काही नव्हती. गावोगावचे पाणी बदलले की पोट बिघडते, आणि अकरांतले दोघे जरी ढाळ लागून आडवे झाले तरी दौरा कोलमडतो. विषमज्वर त्या काळी दक्षिणेत नित्याचा. न्यू ऑर्लिन्समध्ये तर घरोघरी छपरावरून येणारे पावसाचे पाणी लाकडी टाक्यांत साठवून तेच प्यायची रीत होती, आणि १८९७ मध्येच त्या शहराने पिवळ्या तापाची साथ पाहिली होती. हिशेब करून पाहा: माणशी रोज तीन लिटर धरले तर २१ जणांना रोज ६३ लिटर लागतात. पावणेदोनशे लिटरांची दोन पिंपे असली तर साडेपाच दिवस निघतात. म्हणजे हे पाणी फक्त पिण्याचे. धुण्या-अंघोळीला मिळेल ते.

पाणी आठवणीने घेतले, आणि बूट राहिले. खेळाचे बूट सेवानीच्या स्टेशनवरच विसरल्याचे गाडी सुटल्यावर लक्षात आले. तार करून ते मागच्या गाडीने मागवावे लागले आणि सामन्याच्या वेळेपर्यंत हाती आले. ही गोष्ट गमतीने सांगितली जाते, पण बूट आले नसते तर पहिलाच सामना हातचा गेला असता. त्या बुटांच्या तळाला चामड्याचे थर खिळ्यांनी ठोकून केलेले खुंट असत. समोरासमोर रेटारेटीच्या खेळात पाय रोवता आला नाही तर ताकद असून उपयोग शून्य. आणि दुकानातून नवे बूट आणावेत, तर कोऱ्या कडक चामड्याने पहिल्या अर्ध्या तासातच टाचा सोलून निघतात.

बुधवार, ८ नोव्हेंबर

दिवसभर गाडीत. दुसरी रात्रही गाडीतच. पठारावरच्या थंडीतून दक्षिणेच्या उबदार, दमट हवेत उतरताना अंगावरच्या लोकरीच्या जर्सीचे ओझे वाढत जाते. या कपड्यांचा त्रास पुढे येणारच आहे.

गुरुवार, ९ नोव्हेंबर: ऑस्टिन, टेक्सास विद्यापीठ १२-०

इथे थोडे थांबून खेळ समजून घ्यायला हवा. हा आपल्याकडचा पायांचा फुटबॉल नव्हे. अमेरिकी फुटबॉल रग्बीतून निघाला, आणि १८९९ चा खेळ आजच्या अमेरिकी खेळापेक्षाही बराच वेगळा होता. मैदान ३३० फूट लांब, १६० फूट रुंद, दर पाच यार्डांवर आडवी रेघ. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव. कर्णधारांच्या संमतीने ते कमी करता येत. टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवण्याला, ५ गुण, त्यानंतरच्या किकला १, चालू खेळात गोलखांबांमधून मारलेल्या किकलाही ५, सेफ्टीला, म्हणजे समोरच्याला त्याच्याच गोलरेषेमागे चेंडूसह दाबण्याला, २. चेंडू राखायचा तर तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचे. चेंडू पुढे फेकण्याची परवानगीच नव्हती. ती १९०६ मध्ये आली. क्वार्टरबॅकने चेंडू हातात घ्यायचा तो दुसऱ्याला देण्यासाठी. तो घेऊन स्वतः पुढे पळायचे नाही.

अशा नियमांत खेळ एकाच दिशेने जातो: घोळका करून घुसायचे. चेंडूवाल्याला त्याचेच गडी मागून ढकलत, पुढून ओढत. दोन्ही कायदेशीर होते. कबड्डीत अख्खी साखळी चढाईवाल्यावर तुटून पडावी तसे दोन्ही बाजूंचे गडी एका माणसावर येत, आणि तो खाली दाबला जाईपर्यंत खेळ चालू राही. शिरस्त्राण बहुतेक घालत नसत. केस वाढवायचे, तेच डोक्याचे संरक्षण. कोणी नाकावर रबरी कवच बांधी. अंगात लोकरी जर्सी, वर कॅनव्हासची घट्ट बंदांची बंडी, मांड्यांवर गादीदार चोळणा.

यात सिम्किन्ससारखा लांब किक मारणारा असणे म्हणजे अर्धे काम झाले. पाच यार्डांसाठी तीनच प्रयत्न असल्याने आपल्या गोलाजवळ असताना रेटारेटी करण्यात धोका असे. चेंडू तिथेच गेला तर समोरच्याला गोल दोन पावलांवर. म्हणून जाणते संघ पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नातच उंच, लांब किक मारून चेंडू पलीकडे टाकत आणि धावून झेलणाऱ्याला तिथेच गाठत. यात दमही वाचतो. पाच सामन्यांच्या दौऱ्यात हे फार महत्त्वाचे, कारण रेटून मिळवलेला प्रत्येक यार्ड अकरा अंगांवर मुका मार ठेवून जातो.

ऑस्टिनला साइबल्सचे डोके फुटले. रक्त बरेच गेले, तरी तो खेळत राहिला. यात शौर्य होते, पण नियमाचा रेटाही होता: बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत आत येऊ शकत नसे. जखम बांधायला बाहेर गेलात की सामना संपला. आजच्या डॉक्टरने त्याला पुढचा आठवडाभर मैदानाकडे फिरकू दिले नसते.

१२ गुण म्हणजे दोन टचडाउन आणि दोन्ही किक यशस्वी. ही किक आजच्यासारखी समोरून मारायची नव्हती. टचडाउन जिथे झाला त्या बिंदूपासून सरळ मागे चेंडू आणून तिथून मारायची. कोपऱ्यात टचडाउन केला की कोन इतका तिरका होई की किक वाया जाण्याचीच शक्यता जास्त. म्हणून शहाणा गडी रेघ ओलांडल्यावरही, कोणी धरेपर्यंत, चेंडू घेऊन खांबांच्या दिशेने आत सरकत राही.

शुक्रवार, १० नोव्हेंबर: ह्यूस्टन, टेक्सास ए अँड एम १०-०

ऑस्टिन ते ह्यूस्टन अंतर सुमारे १६५ मैल. लागोपाठच्या दिवशीच्या सामन्यांमधल्या रात्रींपैकी ही त्यातल्या त्यात सोपी. तरी दुसऱ्या दिवशीचा खेळ पहिल्यासारखा असत नाही. घामाने भिजलेली लोकर रातोरात वाळत नाही. ओली जर्सी काखेत आणि मानेवर घासते, कातडे सोलते, आणि सोललेल्या जागी दुसऱ्या दिवशी पुन्हा घाम. भिजलेल्या बुटांचे खुंट फुगतात, खिळे सैल होतात. दर सामन्यानंतर ते तपासून ठोकावे लागतात.

इथेच कॅल बरोजचे काम दिसते. हा कृष्णवर्णीय मालीशवाला संघाबरोबर होता. सामना संपला की एकेकाला घ्यायचे आणि आखडलेले स्नायू चोळून मोकळे करायचे. मग गाडी, मग पुढचे गाव. टेनेसी, टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी, या सगळ्या राज्यांत तेव्हा गोऱ्या-काळ्यांना रेल्वेत वेगळे डबे सक्तीचे करणारे कायदे होते. खेळाडूंची नावे पुढे गौरवयादीत गेली, साइबल्स तर कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये. बरोजचे नाव अजूनही बहुतेकदा एका ओळीत उरकले जाते. हे बरोबर नाही.

दहा गुण, म्हणजे कालच्यापेक्षा दोनच कमी. पण हा सामना जास्त जड म्हणावा लागेल: तीस तासांच्या आत दुसरा, समोरचा संघ ताजा.

शनिवार, ११ नोव्हेंबर: न्यू ऑर्लिन्स, तुलेन २३-०

ह्यूस्टन ते न्यू ऑर्लिन्स साडेतीनशे मैलांच्या आसपास. ताशी तीस मैलांच्या सरासरीने पकडले तरी बारा तास. शिवाय शेवटी मिसिसिपी नदी. न्यू ऑर्लिन्सजवळ नदीवर रेल्वेपूल झाला तो १९३५ मध्ये. त्याआधी पश्चिमेकडून येणारी गाडी डबे तोडून, रूळ बसवलेल्या मोठ्या नावेवर चढवून पैलतीरी नेत. धुके असले किंवा नावेवर आधीची गाडी असली की खोळंबा. दौऱ्यात वेळ चुकण्याची भीती सगळ्यात जास्त इथे होती.

जबर श्रमानंतर अंग खरे दुखते ते लगेच नव्हे, तर चोवीस ते बहात्तर तासांनी. गुरुवारचा मार शनिवारी पुरता बोलू लागतो, त्यावर शुक्रवारची भर. म्हणजे अंगाच्या हिशेबाने सगळ्यात वाईट दिवस हाच. आणि नेमका इथे समोर तुलेन, त्या हंगामात कमजोर असलेला संघ. टेक्सास आधी, ताज्या पायांनी, तुलेन तिसऱ्या दिवशी, मग सुटी. हा क्रम भूगोलाने आपोआप लागला की लीने विचाराने लावला, कसाही असो, याहून चांगला क्रम लावता आला नसता. तुलेन आणि टेक्सासची अदलाबदल केली असती तर दौऱ्याची गोष्ट कदाचित वेगळीच झाली असती.

संध्याकाळी पोरे नाटकाला गेली. न्यू ऑर्लिन्ससारखे शहर डोंगरावरून आलेल्यांना रोज थोडेच मिळते.

रविवार, १२ नोव्हेंबर

चर्चचे विद्यापीठ, त्यामुळे रविवारी खेळ नाही. संघ एका उसाच्या मळ्यावर गेला. नोव्हेंबर म्हणजे लुइझियानात ऐन गळिताचा हंगाम. तिथे पहिल्या कडक थंडीआधी ऊस तोडून गाळावा लागतो, नाहीतर गोठलेल्या कांड्यातली साखर उतरू लागते. त्यामुळे चरकांना रात्रंदिवस उसंत नसते.

चालणे, उघडी हवा, कपडे वाळवायला एक पूर्ण दिवस: दौऱ्यातली ही एकच सुटी पुढच्या दोन सामन्यांना पुरली.

सोमवार, १३ नोव्हेंबर: बॅटन रूज, लुइझियाना स्टेट ३४-०

न्यू ऑर्लिन्सहून बॅटन रूज ऐंशी-नव्वद मैल, नदीच्या त्याच काठाने. दौऱ्यातला सगळ्यात मोठा विजय इथला. त्यावरून लगेच विश्रांतीची किमया काढायला नको; लुइझियाना स्टेटचा संघही त्या वर्षी दुबळाच होता. पण मोठ्या फरकाचा एक व्यावहारिक फायदा असतो. सामना लवकर हातात आला की थकलेल्यांना बाहेर काढता येते, आणि बाहेर गेलेला परत येणार नसला तरी दुसऱ्या दिवशी हवाच असतो.

मंगळवार, १४ नोव्हेंबर: मेम्फिस, मिसिसिपी विद्यापीठ १२-०

रात्रीत जवळपास चारशे मैल. नदी ओलांडायची नव्हती, बॅटन रूज आणि मेम्फिस दोन्ही पूर्वकाठावर, तेवढाच दिलासा. सगळा दौरा पाहिला तर ही रात्र सगळ्यात लांब आणि तिच्यानंतरचा सामना सगळ्यात दुर्लक्षित. मिसिसिपी विद्यापीठ ऑक्सफर्ड गावचे, मेम्फिसपासून सुमारे ऐंशी मैलांवर, म्हणजे त्यांच्या दृष्टीने मैदान घराजवळचे. सेवानीच्या दृष्टीनेही मेम्फिस परतीच्या वाटेवर.

सहाव्या दिवशी पाचवा सामना खेळताना जखमांपेक्षा घात करतो तो आळस. पाय उचलायला अर्धा क्षण उशीर, खांदा खाली न घेता अंगावर घेतलेला रेटा, पकडताना मिटलेले डोळे. अशाने गुण जातात आणि हाडेही मोडतात. तरीही शून्य कायम राहिले. दौऱ्याची एकूण बेरीज ९१ विरुद्ध ०.

परत

सेवानीच्या स्टेशनवर विद्यार्थ्यांनी घोडागाडीचे घोडे सोडले आणि दोर बांधून संघाला स्वतः ओढत विद्यापीठात नेले. एवढे पुरे.

उरलेला हंगाम

दौरा संपला म्हणून हंगाम संपला नव्हता, आणि जाणकारांच्या दृष्टीने अवघड भाग अजून पुढेच होता. घरी परतून आठवडाही झाला नसेल, तोच २० नोव्हेंबरला कंबरलंड विद्यापीठाला ७१-० असे हरवले. मग ३० नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, माँटगोमेरीला ऑबर्न संघाशी सामना. त्यांचा प्रशिक्षक जॉन हाइझमन, ज्याच्या नावाचा चषक आज तिथल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला दिला जातो. त्याचा संघ भरभर डाव लावून समोरच्याला जागा घेऊच देत नसे.  सेवानी जिंकले ११-१०. दोन्हीकडे गुण टचडाउनचेच, फरक एका किकचा. कोपऱ्यातून मारायच्या त्या तिरक्या किकची किंमत वर सांगितली, ती इथे अशी वसूल झाली. हाइझमनने पंचांवर वर्तमानपत्रातून तोंडसुख घेतले. सगळ्या हंगामात सेवानीवर चढलेले गुण हेच दहा.

शेवटचा सामना लगेच दोन दिवसांनी, २ डिसेंबरला, अटलांटात, नॉर्थ कॅरोलायनाशी. ५-०, आणि ते पाचही गुण किलपॅट्रिकच्या एका किकचे. त्या किकचे मोल पुढे घटत गेले. १९०४ मध्ये ती ४ गुणांची झाली, १९०९ मध्ये ३ गुणांची. टचडाउन मात्र १९१२ मध्ये ६ वर गेला. मधल्या काळात, १९०५ च्या हंगामातल्या मृत्यूंनंतर, रेटारेटीला आवर घालणारे नियम आले: पाचाऐवजी दहा यार्ड, दोन रांगांमध्ये मोकळी पट्टी, आणि चेंडू पुढे फेकण्याची मुभा. सेवानीच्या बारा सामन्यांच्या ३२२ गुणांत त्या किकचे ५ जुन्या भावाने धरलेले आहेत.